वाचकांचे प्रश्न : टुंड्रातील वनस्पती आणि पाण्याचा हिशेब

गेल्या अंकात टुंड्रा प्रदेशावर एक छोटे टिपण आले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता, ती म्हणजे गोठलेल्या जमिनीवरची झाडे हवा आत कशी घेतात आणि पाणी कसे राखतात. पाच पत्रे निवडून त्यांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या चौघांच्या प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकात टुंड्राला थंड वाळवंट म्हटले आहे, पण छायाचित्रांत तर जिकडेतिकडे डबकी आणि दलदल दिसते. झाडाला हवा घ्यायची तर पर्णरंध्रे उघडावी लागतात आणि ती उघडली की पाणी बाहेर जाते, एवढे शाळेत शिकल्याचे आठवते. मग खालची जमीन गोठलेली असताना ही झाडे वाळून कशी जात नाहीत? की थंडीत पाणी उडतच नाही?
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : पुस्तकही बरोबर आहे आणि छायाचित्रेही. टुंड्राच्या बऱ्याच भागांत पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी 250 मिलिमीटरपेक्षा कमी पाणी पडते. ठाण्यात एवढा पाऊस जुलैतल्या एखाद्या झोडपून काढणाऱ्या दिवसातही झालेला आहे. पण तिथे पडलेल्या पाण्याला जायला वाट नसते. उन्हाळ्यात जमिनीचा वरचा थर साधारण 30 सेंटिमीटर ते एक मीटर खोलीपर्यंत वितळतो. त्याखाली पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेली जमीन असते आणि ती गच्चीच्या कोब्यासारखी पाणी अडवून धरते. हवा थंड असल्यामुळे वरूनही फारसे पाणी उडून जात नाही. त्यामुळे पाऊस वाळवंटाचा आणि जमीन चिखलाची, असा प्रकार होतो.

मग झाडाला तहान का लागावी? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आड काठोकाठ भरलेला आहे, अडचण पोहऱ्याची आहे. शून्य अंशाजवळचे पाणी 25 अंशांच्या पाण्यापेक्षा सुमारे दुप्पट चिकट असते, त्यामुळे ते मुळांतून वर ओढणे जड जाते. मुळांच्या पेशींच्या पटलांत पाणी आत घेणारे जे सूक्ष्म मार्ग असतात, तेही थंडीत मंदावतात. शिवाय मूळ वाढू शकते ते वितळलेल्या थरातच, त्याच्या खाली नाही. पायाशी पाणी असूनही ते हवे तेवढ्या वेगाने मिळत नाही, या अवस्थेला वनस्पतिशास्त्रात शारीरक्रियात्मक अवर्षण म्हणतात. शब्द बोजड आहे, पण अर्थ नेमका आहे.

आता खर्चाची बाजू पाहू. अकरावीच्या प्रात्यक्षिकात ज्यांनी ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली धरली असेल, त्यांना जांभळ्या पेशींच्या फरशीत मध्येमध्ये बसलेल्या, वालाच्या दाण्यांसारख्या हिरव्या पेशींच्या जोड्या आठवतील. या रक्षक पेशी होत. त्यांच्यात पोटॅशियमचे आयन शिरले की मागोमाग पाणी शिरते, पेशी फुगून बाहेरच्या बाजूला वाकतात आणि मधली फट, म्हणजेच पर्णरंध्र, उघडते. पाणी कमी पडू लागले की अॅब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक त्यांना सैल पडायला लावते आणि फट मिटते. अशा सगळ्या फटींचे क्षेत्रफळ एकत्र केले तरी ते पानाच्या शेकडा एक-दोन भागाइतकेच भरते, पण झाडाचा जवळजवळ सगळा व्यवहार तेवढ्यातूनच चालतो. हा व्यवहार तोट्याचा असतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम 0.04 टक्के असतो, तर पानाच्या आतली हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असते. परिणामी आपल्याकडच्या बहुतेक झाडांत कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू पदरात पाडून घेताना पाण्याचे साधारण 400 ते 500 रेणू हातचे जातात.

थंडीत पाणी उडतच नाही का, हा आपला प्रश्न मार्मिक आहे. 30 अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम बाष्प मावते, तर 5 अंशांच्या हवेत जेमतेम 7 ग्रॅम. थंड हवेची भूकच लहान, त्यामुळे पान जर हवेइतकेच थंड राहिले, तर त्यातून फारसे पाणी जाणार नाही. पण फ्रीजमध्ये कोथिंबिरीची जुडी उघडी ठेवून पाहा. तिथली हवा थंड असली तरी तिच्यातला ओलावा गारव्याच्या नळ्यांवर साचून गोठत राहतो, पंखा ती कोरडी हवा फिरवत राहतो आणि दोन दिवसांत जुडी मान टाकते. तीच जुडी ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवली तर आठवडाभर टिकते. तापमान दोन्ही वेळा तेच असते. फरक पडतो तो पानाला लागून असलेली हवा हलते की थांबते, यामुळे.

माझ्या मते टुंड्रातील वनस्पतींचे खरे कसब या थांबलेल्या हवेत आहे. पर्णरंध्रांच्या उघडझापीबद्दल पाठ्यपुस्तके पानेच्या पाने लिहितात, पण त्या बाबतीत टुंड्रातली झाडे आपल्या झाडांहून फारशी वेगळी नाहीत. वेगळा आहे तो त्यांचा आकार. सायलीन अकॉलिस ही मॉस कॅम्पियन नावाने ओळखली जाणारी वनस्पती उदाहरणादाखल घेऊ. ती जमिनीवर उशीसारखी बसलेली असते. शेकडो आखूड फांद्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि सगळ्यांचे शेंडे एकाच पातळीत असल्यामुळे वरून कात्रीने छाटल्यासारखा घुमट तयार होतो. आतली वाळलेली पाने गळून जात नाहीत, तिथेच साचून राहतात आणि स्पंजासारखी ओल धरतात. वारा घुमटावरून घसरून जातो, आत शिरत नाही. उन्हाच्या दिवशी या उशीचे तापमान भोवतालच्या हवेपेक्षा दहा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक वाढते.

पण ही ऊब फुकट मिळत नाही. बाहेर 5 अंश असताना पान 20 अंशांपर्यंत तापले, तर पानातल्या संपृक्त हवेत घनमीटरमागे सुमारे 17 ग्रॅम बाष्प असते आणि बाहेर फार तर 7. म्हणजे उबदार राहण्याच्या प्रयत्नात झाड स्वतःच बाष्प बाहेर ओढणारा उतार तयार करते. मोकळ्या वाऱ्यात असे पान लवकरच कोरडे पडेल. उशीच्या आत मात्र पानाभोवती ओलसर, स्थिर हवेचा जाड थर असतो आणि बाष्पाला त्या थरातून हळूहळू झिरपतच बाहेर पडावे लागते. अर्थात कार्बन डायऑक्साइडलाही आत येताना त्याच थराचा अडथळा होतो. उशीखालची माती आणि कुजणारी जुनी पाने स्वतः कार्बन डायऑक्साइड सोडत असतात, त्यामुळे त्या तुटीची काही अंशी भरपाई होते. लडाखमध्ये 5000 मीटरच्या आसपास वाढणारी थायलाकोस्पर्मम ही वनस्पतीही अशीच दगडासारख्या घट्ट उशा करते. तिथला प्रदेश ध्रुवापासून दूर असला तरी वारा आणि थंडी तीच आहे.

जी झुडपे उशी करत नाहीत, ती हाच थांबलेल्या हवेचा थर पानाच्या पातळीवर तयार करतात. क्रोबेरीच्या सुईसारख्या पानाच्या दोन्ही कडा खाली वळून एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात. मधे केसाळ नळी तयार होते आणि पर्णरंध्रे त्या नळीत असतात. ड्रायस या दुसऱ्या झुडपाच्या पानाची खालची बाजू पांढऱ्या लोकरीने मढवलेली असते. हे पाहायला ध्रुवाकडे जाण्याची गरज नाही. आपल्या रस्त्यांच्या दुभाजकांवर लावलेल्या कण्हेरीचे पान उलटून भिंगाखाली धरले, तर बारीक खळगे दिसतात. त्यांच्यात केस असतात आणि पर्णरंध्रे त्या खळग्यांच्या आत असतात. कण्हेर उन्हातान्हातली, क्रोबेरी बर्फातली, पण युक्ती एकच. मात्र असे जाड, केसाळ, वळलेले पान केवळ पाणी वाचवण्यासाठीच झाले आहे, असे म्हणण्याची घाई करू नये. टुंड्राच्या मातीत नायट्रोजनची फार टंचाई असते, त्यामुळे एकदा तयार केलेले पान अनेक वर्षे वापरणे झाडाला परवडते आणि टिकाऊ पान जाडच असावे लागते. पाणी आणि नायट्रोजन यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. मला तरी दोन्ही कारणे एकाच पानात सुखाने नांदतात असे वाटते.

आता आपल्या प्रश्नातील सर्वांत कठीण भागाकडे वळतो. झाड वाळण्याचा मोठा धोका उन्हाळ्यात नसतो, तो हिवाळ्याच्या शेवटी असतो. त्या काळात सूर्य परत आलेला असतो, उघड्या फांद्यांवरची सदाहरित पाने दुपारी तापतात, जमीन मात्र दगडासारखी गोठलेली असते आणि मुळांतून थेंबही वर येत नाही. पर्णरंध्रे मिटलेली असली तरी पानावरच्या मेणचट उपत्वचेतून थोडे थोडे पाणी जातच राहते. त्यात वाऱ्याबरोबर उडणारे बर्फाचे कण ती उपत्वचा खरवडून काढतात. या संकटातून वाचवतो तो साचलेला बर्फ. बर्फाखाली वारा नसतो, हवा ओलसर असते आणि तापमान बाहेरच्यापेक्षा बरेच सौम्य असते. बर्फाच्या वर डोकावणारी फांदी पुष्कळदा मरते. त्यामुळे अनेक ठिकाणी झुडपांची उंची पाहून हिवाळ्यात तिथे किती बर्फ साचतो याचा अंदाज बांधता येतो.

प्रश्न : आमच्याकडे खाडीच्या चिखलात तिवरांची मुळे बाहेर डोकावतात आणि ती हवा घेण्यासाठी असतात, असे मी मुलांना सांगते. टुंड्रातल्या दलदलीत मुळांना हवा कशी मिळते?
– एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : आपण योग्य जोडी लावली आहे. पाण्याने भरलेल्या मातीत प्राणवायू जवळजवळ नसतो, कारण वायू हवेत ज्या वेगाने पसरतात त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग इतक्याच वेगाने पाण्यात पसरतात. पाने हवेत असली म्हणून मुळांचे भागत नाही, त्यांना श्वसनासाठी स्वतंत्र सोय लागते. ठाण्याच्या खाडीतले तिवर चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळे वर काढते. त्यांच्या सालीवरच्या वल्करंध्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते आणि भरतीच्या वेळी आत साठलेल्या हवेवर काम चालते.

टुंड्रात कॉटनग्रास, म्हणजे पांढऱ्या कापसासारखे बोंड धरणारे गवतवर्गी एरिओफोरम, हेच काम वेगळ्या मार्गाने करते. त्याची श्वसनमुळे नसतात. पानांपासून मुळाच्या टोकापर्यंत पोकळ्यांनी भरलेली सच्छिद्र ऊती असते आणि हवा वरून तिच्यातून खाली उतरते. या वनस्पतीची मुळे दर वर्षी नव्याने वाढतात. उन्हाळ्यात जमीन जसजशी खाली वितळत जाते, तसतशी ती वितळण्याच्या रेषेच्या मागोमाग, जवळजवळ शून्य अंशाच्या चिखलात उतरत जातात. मात्र ज्या नळीतून प्राणवायू खाली जातो, तिच्यातूनच मातीतला मिथेन वर येतो. प्राणवायूविना कुजणाऱ्या पदार्थांतून मिथेन तयार होतो आणि मातीतून वर येताना त्याचा काही भाग जिवाणू खाऊन टाकतात, पण गवताच्या नळीतून आला तर तो त्यांना चुकवून थेट हवेत मिसळतो. पर्माफ्रॉस्टच्या प्रदेशातील मातीत सुमारे 1500 अब्ज टन कार्बन साठलेला आहे, म्हणजे वातावरणातल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट, हे लक्षात घेतले की या पोकळ देठांकडे शास्त्रज्ञ इतके बारकाईने का पाहतात हे कळेल.

पाण्याच्या बाबतीत मात्र तिवराची स्थिती कॉटनग्रासपेक्षा कठीण आहे, कारण त्याच्या पायाशी असलेले पाणी खारे आहे. मुलांना पुन्हा खाडीकाठी नेलेत, तर तिवराचे पान जिभेच्या टोकाला लावायला सांगा. जी खारट चव लागते, ते पानाने ग्रंथींवाटे बाहेर टाकलेले मीठ होय. नंतर पान उलटायला सांगा. खालची राखाडी बाजू दाट केसांची असते आणि पर्णरंध्रे त्याच बाजूला असतात. ड्रायसची पांढरी लोकर त्यांना तिथल्या तिथे समजावता येईल.

प्रश्न : माझ्या खिडकीतले निवडुंग रात्री पर्णरंध्रे उघडतात आणि पाणी वाचवतात, असे वाचले. टुंड्रातली झाडे तसे का करत नाहीत?
– एक वाचक, नेरूळ

उत्तर : कारण त्यांना उन्हाळ्यात रात्रच नसते. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील न्यी-ऑलेसुंड येथे, जिथे 2008 पासून भारताचे हिमाद्री हे संशोधन केंद्र आहे, एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य मावळत नाही. निवडुंग रात्रीच्या अंधारात कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा पर्णरंध्रे मिटून तो वापरतो. ही पद्धत दिवस कोरडा व तापलेला आणि रात्र गार असेल तिथे फायद्याची ठरते. टुंड्रातील जवळजवळ सर्व वनस्पती भात आणि गव्हाप्रमाणे साध्या पद्धतीनेच प्रकाशसंश्लेषण करतात आणि थंड हवेत त्या पद्धतीत पाण्याचा फार अपव्यय होत नाही. निरभ्र दिवसांत त्यांची कमाई मध्यरात्रीही पूर्ण थांबत नाही, सूर्य क्षितिजाजवळ उतरला की मंदावते इतकेच.

खरी गैरसोय वेगळीच आहे. प्रकाश सर्वांत जास्त असतो तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पण बर्फ वितळून झाड मोकळे होते तेच मुळी जूनमध्ये. म्हणजे प्रकाश आधी येऊन दाराशी ताटकळतो आणि पाणी मागाहून येते. मग वाढीसाठी हाती उरतात ते जेमतेम सहा ते दहा आठवडे.

प्रश्न : टुंड्रात शेवाळे आणि दगडफूल जातीच्या गोष्टीच जास्त असतात, असे म्हणतात. त्यांना पर्णरंध्रे असतात का?
– एक वाचक, वाशी

उत्तर : आपण ज्याला शेवाळे म्हणता त्या मॉसच्या पानांना पर्णरंध्रे नसतात. पावसाळ्यात आपल्या कुंपणाच्या भिंतींवर जी हिरवी मखमल चढते, तीही मॉसच. तिची पाने बहुधा एकाच पेशीच्या जाडीची असल्यामुळे वायू सरळ पेशीभिंतीतूनच आतबाहेर करतात. दार नाही म्हणून ते मिटताही येत नाही. पाणी असले की हिरवे व्हायचे आणि संपले की कोरडे होऊन पडून राहायचे, एवढाच मार्ग तिच्यापुढे असतो. टुंड्रातले स्फॅग्नम हे मॉस आपल्या मोठ्या, रिकाम्या, मृत पेशींत कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी साठवू शकते. पण फार भिजणेही त्याला सोयीचे नसते, कारण पानांवर पाण्याचा थर चढला की कार्बन डायऑक्साइड आत येण्याचा वेग पडतो.

दगडफूल ही वनस्पती नसून बुरशी आणि शैवाल यांचा संसार आहे. आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूल आणि रेनडिअर ज्यावर हिवाळा काढतात ते क्लॅडोनिया एकाच गटातले आहेत. मसाल्याच्या डब्यातला एखादा कडक, कुरकुरीत तुकडा बशीतल्या पाण्यात टाका. काही मिनिटांतच तो चामड्यासारखा लवचिक होतो. डब्यातला तुकडा कधीच मेलेला असतो आणि केवळ पाणी शोषून घेतो. टुंड्रातले जिवंत दगडफूल मात्र असे भिजताच थोड्याच वेळात पुन्हा श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण करू लागते, आणि वाऱ्याने वाळले की सगळे व्यवहार थांबवते. पाणी राखण्याची धडपड ते करतच नाही.

प्रश्न : इतके चिवट झाड आमच्या घरच्या गॅलरीत तर सहज जगेल. मॉस कॅम्पियनचे बी मिळाले तर लावावे का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : लावू नये. थंड प्रदेशातल्या झाडांचे श्वसन मुळातच वेगवान असते, कारण त्यांना कमी तापमानात काम उरकायचे असते. तेच झाड 27-28 अंशांच्या दमट रात्रीत ठेवले, तर दिवसभर केलेली साखर रात्रभरच्या श्वसनात खर्च होऊन जाईल. शिवाय जी उशी तिथे वारा अडवते आणि ऊब धरते, ती आपल्या उन्हात पानांना भाजून काढील आणि पावसाळ्यात आतून कुजेल. गॅलरीत उशीच्या आकाराचे काही हवेच असेल, तर पावसाळ्यात कुंडीच्या ओल्या काठावर मॉस आपणहून येते. तेवढे खरवडून टाकू नये.